कलश ऊन, गाडी गार

दर सोमवारी भिवंडीजवळच्या राहनाळच्या रस्त्यावर गाड्यांची लांबच लांब रांग लागायची. ट्रक, टेम्पो, मॅटाडोर, दोन-चार फियाट आणि एक बैलगाडी. बैलगाडीवाला कशासाठी उभा असायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही; बहुतेक त्यालाही माहीत नसावं. रांगेच्या टोकाला एक गोदाम होतं. आधी त्यात कापडाचे तागे ठेवायचे, एक्याण्णव साली उष्णनाथ महाराज ठेवले होते.

चमत्कार साधाच होता. महाराज तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर पितळेचा एक कलश बसवून द्यायचे. तांब्याएवढा, तोंडाला लाल कापड, वरून लाखेचं सील. आत म्हणे अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडातला खडा. आणि तो कलश ऊन राहायचा. एक-दोन दिवस नव्हे, केसरीनाथ ट्रकवाल्याचा कलश तीन महिने ऊन होता. लोक त्याच्या ट्रकमध्ये चढायचे, हात लावायचे, "आई गं!" म्हणायचे आणि डोळे पुसत उतरायचे. मीही चढलो. हात लावला. चहाचा पेला हातात धरावा इतपत ऊन. मीही "आई गं" म्हणालो, कारण मागचा माणूस माझ्या पायावर उभा होता.

"गंगा गार का?" महाराज माइकवर विचारायचे. "कारण ती खाली वाहते! अकलोलीचं पाणी ऊन का? कारण ते जमिनीतून वर येतं! जे खाली जातं ते गार, जे वर जातं ते ऊन. बोला, तुम्हाला कुठं जायचंय?"

"वर! वर!" गोदाम गर्जायचं.

"मला इतक्यात नको," आमच्या फियाटच्या मागच्या सीटवरून अप्पा म्हणाले.

अप्पा म्हणजे माझे वडील, पंढरीनाथ. पंचवीस वर्षं जकात नाक्यावर कारकून होते. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं त्या वर्षी कामातून गेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता मुंबईच्या हॉस्पिटलात त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागायचं. एसटीत बसणं जमेना, म्हणून फंडातून सतरा वर्षं जुनी फियाट घेतली. मी बी.कॉम.ला दोनदा नापास होऊन मोकळाच होतो, म्हणून मी ड्रायव्हर. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एक पाळी चुकली तर पाणी छातीत चढायला लागेल. दुसरी चुकली तर श्वास कोंडेल. तिसरीचं बोलायलाच नको."

हे मी आईला सांगितलं नव्हतं. ती आधीच रात्र रात्र अप्पांच्या नाकासमोर बोट धरून बसायची.

आमचा नंबर आला. आईने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेचना. महाराजांनी गाडीत वाकून अप्पांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि आवाज खाली आणला.

"द्रौपदीमाई, हा कलश ऊन आहे तोवर यांचा श्वास ऊन आहे. कलश गार पडला, तर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. आईने ते घरी आणून पूर्ण केलं.

महाराजांचा शिष्य अवधूत याने बॉनेटसमोर धोतराचा आडपडदा धरायला लावला. कलश दोन स्क्रूंनी डॅशबोर्डला घट्ट बसवला. मग बोटाएवढा जाड लाल नाडा कलशातून काढून, डॅशबोर्डच्या खालच्या भोकातून, पार बॅटरीपर्यंत नेला. "गाडीच्या हृदयाला बांधावा लागतो," तो म्हणाला. "हा सोडायचा नाही. सोडला की संपलं." मंत्र म्हणताना त्याच्या तोंडात दोन स्क्रू होते, त्यामुळे मंत्र कुठल्या भाषेतला ते समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पहाटे पाच वाजता मी चावी फिरवली. गाडी म्हणाली, "टक."

पुन्हा फिरवली. "टक."

आईने कलशाला हात लावला आणि किंचाळली, "कोमट झालाय रे!"

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कापडाचे लूम. नाइट शिफ्ट सुटत होती. अंगावर कापसाची भुसभुस घेऊन पाच-सहा कारागीर बाहेर आले आणि काही न विचारता गाडीला खांदे लावले. "चलो हरीभाई, दूसरे गियर में डालो!" वीस पावलांवर इंजिन धडधडलं. मुंबईला पोचेपर्यंत कलश पुन्हा छान ऊन झाला.

"बघितलंस?" आई रडत हसत होती. "देव परत आला म्हणून गाडी चालली."

गाडी आधी चालली होती आणि कलश नंतर ऊन झाला होता. हे मला दिसलं होतं. पण मी बी.कॉम. नापास, आणि आई त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसत होती. मी गप्प बसलो. या गोष्टीत माझा गुन्हा कुठला असेल तर तो हा.

गुरुवारी आई गोदामातल्या मठात गेली. महाराज म्हणाले, "बॅटरीला बाधा आहे. रात्रभर माझ्या पायाशी ठेवा." अवधूत स्वतः येऊन बॅटरी काढून घेऊन गेला. नाडा सोडायला परक्याचा हात चालत नाही म्हणे. रात्रभर मठात भजन झालं. बायका पाळीपाळीने गाभाऱ्यामागच्या भिंतीला कान लावत होत्या, कारण त्या भिंतीतून ॐकार ऐकू यायचा. आईनेही ऐकला. संथ, अखंड, घुमणारा. शुक्रवारी पहाटे अवधूतने बॅटरी आणून बसवली. चावी फिरवताच गाडी फुलासारखी सुरू झाली, अप्पा वेळेवर मशीनला लागले, आणि आईच्या श्रद्धेला तर्काने हात लावायची सोय राहिली नाही.

मग पुढचा मंगळवार आला.

चार रात्री गाडी जागेवर उभी होती, आणि मधल्या दिवसांत कलशाला हात लावायचा नाही असं अवधूतने बजावलं होतं. पाच वाजता चावी फिरवली तर "टक"सुद्धा नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. कलश ठार गार, माठातल्या पाण्यासारखा. कारागिरांनी मशिदीच्या वळणापर्यंत ढकलत नेली, परत आणली, पुन्हा नेली. "इसमें जान ही नहीं है भाई," एकजण धापा टाकत म्हणाला.

जान हा शब्द आईने ऐकला आणि ती अंगणात मटकन खाली बसली.

"मी टॅक्सी आणतो," मी म्हणालो.

"नाही!" ती उठून दारात आडवी उभी राहिली. "कलशाशिवाय त्यांना दुसऱ्या गाडीत बसवलंस तर माझं मढं बघशील. त्यांचा श्वास त्यात बांधलाय हरी!"

"आई, सात वाजता मशीन..."

"कलशाशिवाय नाही!"

सात वाजले. आठ वाजले. मशीनवर दुसरं कुणी झोपलं असेल. अप्पांचे पाय सुजून उशीसारखे झाले होते, तोंडही भरून आलं होतं. आडवं झालं की दम लागत होता, म्हणून ते दाराशी खुर्चीत बसून होते. मी त्यांना हळूच म्हणालो, "तुम्ही सांगा ना आईला."

"काय सांगू?" ते दोन श्वासांच्या मध्ये म्हणाले. "गेले आठ दिवस ती त्या तांब्यामुळे झोपतेय."

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी हॉस्पिटलला फोन लावला. सुचेता सिस्टरने शिव्या घालून मग सांगितलं, "उद्या सकाळी सातला एक जागा रिकामी आहे. तुझ्यासाठी धरून ठेवते. पण ऐक, उद्याही आला नाहीस तर शुक्रवारपर्यंत हा पेशंट थांबेल असं मला वाटत नाही."

घरी आलो तर अवधूत निरोप देऊन गेलेला. मशीन रक्तातली ऊब काढून घेते, म्हणून कलश रुसला आहे. हॉस्पिटल बंद करावं. पेशंटला सात दिवस मठात आणून ठेवावं, आणि बॅटरीही आणावी. आई ट्रंकेतून चादरी काढत होती.

"बॅटरी मी नेतो," मी म्हणालो, आणि नेली. फक्त मठात नेली नाही.

कशेळीच्या रस्त्यावर ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं एक दुकान होतं. ते कौसल्यामावशी चालवायची. नवरा गेल्यावर दीराने दुकान मागितलं, तिने त्याला तेजाबाची बरणी दाखवली. तेव्हापासून दुकान तिचं. पन्नाशीची, नाकावर चष्मा, लुगड्याला तेजाबाने पडलेली बारीक भोकं. तिच्या दुकानात पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबलो. भिंतीतून ॐकार ऐकू येत होता.

"काय झालं रं? पाल पडली काय अंगावर?"

"मावशी, हा आवाज..."

"चार्जर हाय. दिवसभर घुमतोय. तुला काय वाटलं, पोथी लावलीय?"

मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. कलश, नाडा, श्वास, सात वाजता, शुक्रवार. ती एकदाही हसली नाही. बॅटरी चार्जिंगला लावली आणि दुपारभर अधूनमधून खणांत काचेची नळी बुडवून पाणी बघत राहिली. चार वाजता म्हणाली, "बॅटरीत काय बी खोट न्हाय. साही खण सारखे. धडधाकट माणूस जर रोज घरी जाऊन मरत असंल, तर घर बघाय पाहिजे. चल."

तिने पिशवीत पान्हा, पक्कड आणि दोन वायरी जोडलेला एक बल्ब टाकला.

अंगणात आल्यावर तिने बॅटरी बसवली, पण एकच टोक जोडलं. दुसऱ्या टोकाची केबल मोकळी ठेवली. चावी माझ्या हातात, दारं बंद, दिवे बंद.

"आता गाडी झोपलीय, बरोबर? झोपलेल्या गाडीला खायला लागत न्हाय." तिने बल्बची एक वायर बॅटरीच्या मोकळ्या टोकाला लावली, दुसरी त्या केबलला. बल्ब तांबूस पेटला. "बघ. कोणतरी जागं हाय."

मग ती एकेक फ्यूज काढू लागली. "ज्याच्याबरोबर बल्ब विझंल, तो चोर." पहिला काढला, बल्ब चालू. दुसरा, तिसरा. सगळे फ्यूज तिच्या ओच्यात आले, बल्ब आपला चालूच.

"म्हंजे हा चोर दारातनं आलाच न्हाय," ती म्हणाली आणि बॉनेटमध्ये वाकली. बॅटरीच्या जोडलेल्या टोकाला दोन गोष्टी बांधलेल्या होत्या. एक जाड केबल. आणि एक लाल नाडा.

मी तो नाडा सकाळीच आईच्या नकळत माझ्या हाताने सोडला होता आणि मघाशी तिच्या हाताखाली पुन्हा बांधलाही होता. मला तो नाडाच दिसला होता. पवित्र वस्तूच्या आत काय आहे ते बघू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआपच येत होतं.

कौसल्यामावशीने पक्कड उचलली आणि घरातून आई धावत आली.

"हात लावू नका! बाई, तुमच्या पाया पडते! त्यांचा जीव आहे त्यात!"

"अगं बाय, ही वायर हाय."

"असू दे! वायर असू दे, काही असू दे! तोडलीत आणि यांना काही झालं तर तुम्ही देणार का परत आणून?"

मावशीचा हात थांबला. आई उघड्या बॉनेटमध्ये आडवी पडली होती, तिचे केस इंजिनाच्या पंख्याच्या पात्यात अडकत होते. अप्पांच्या छातीतून पाण्याच्या हुक्क्यासारखा आवाज येत होता. उद्याची पहाट बारा तासांवर होती.

खुर्ची करकरली. अप्पा उठले. भिंत धरून, मग मला धरून, बारा पावलं चालत ते गाडीपाशी आले.

"द्रौपदी, श्वास माझा आहे ना?"

आईने बॉनेटमधून मान वर केली.

"मग सोडणार तर मीच सोडणार. बाजूला हो. हात धर माझा, म्हणजे काय होतंय ते तुलाच आधी कळेल."

आईने दोन्ही हातांनी त्यांचं डावं मनगट धरलं. तिने डोळे मिटले नाहीत, ते मला आजही आठवतं. अप्पांनी उजव्या हाताने नाडा धरला आणि खेचला. तो निघेना. पुन्हा खेचला.

नाडा सुटला. मावशीचा बल्ब विझला.

बाजूच्या लूम खडखडत होत्या. आई अप्पांच्या तोंडाकडे बघत होती. अप्पांनी श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

"चालू आहे," ते म्हणाले. "खराब आहे, पण चालू आहे."

आईने मनगट सोडलं नाही. पण दुसऱ्या हाताने तिनेच नाड्याचं टोक उचललं आणि दोरा उलगडू लागली. आतून तांब्याची तार निघाली.

"हरी, तो तांब्या इकडे आण," अप्पा म्हणाले. त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं होतं. "पंचवीस वर्षं भिवंडीत शिरणारा प्रत्येक सीलबंद डाग, पेटी असो की गाठोडं, मी उघडून बघितला. हा एकच न बघता सोडला, आणि तोही माझ्याच घरात." त्यांनी पेनाच्या टोकाने लाखेचं सील असं अलगद काढलं की कलशालाही कळलं नसेल. आत राख होती. राखेत खडा होता. अकलोलीचा की राहनाळचा, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि खड्याखाली, होल्डरमध्ये नीट बसवलेला, गाडीच्या ब्रेकलाइटचा एक बल्ब.

मावशीने कलश बॅटरीवर टेकवला, तार दुसऱ्या टोकाला लावली. कलशाच्या पोटात उजेड पडला.

"हे तुमचे महाराज," ती म्हणाली. "रात्रभर बॅटरी खातात आन् ऊन राहतात. बॅटरी संपली की गार पडतात. कलश गार पडला म्हणून गाडी मरत न्हाय. गाडी मरते म्हणून कलश गार पडतो."

"पण केसरीनाथचा तीन महिने..." आई म्हणाली.

"ट्रक रात्रीचा कुठं असतो, वैनी?"

आई म्हणाली, "रस्त्यावर."

"हां. इंजिन चालू, बॅटरी भरतीच हाय. ट्रकवाले रात्री झोपत न्हाईत म्हणून त्यांची श्रद्धा मोठी. तुमची गाडी अंगणात झोपते, म्हणून तुमची श्रद्धा कमी पडली. आन् मठात बॅटरी पायाशी ठेवत न्हाईत, चार्जरला ठेवतात. भिंतीतला ॐकार तोच. माझ्या दुकानात या, फुकट ऐका."

आईने कलश हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला, पार गार होईपर्यंत. मग तो जमिनीवर ठेवून ती अप्पांकडे वळली आणि आठ दिवस जे विचारलं नव्हतं ते विचारलं, "उद्या किती वाजता पोचायला पाहिजे?"

बुधवारी पहाटे पाच वाजता मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. फुलासारखी वगैरे नाही. खोकत, धूर सोडत, जशी सतरा वर्षांच्या गाडीने व्हावं तशी. सात वाजायला दहा मिनिटं असताना सुचेता सिस्टरने अप्पांना मशीनवर घेतलं. संध्याकाळी त्यांचे पाय पुन्हा पायांसारखे दिसत होते.

सोमवारी आई राहनाळला गेली. बरोबर कौसल्यामावशी आणि मी. आई सरळ केसरीनाथच्या ट्रकपाशी गेली आणि म्हणाली, "भाऊ, नाडा दोन तास सोडून ठेवा. इंजिन बंद करा. खडा देवाचा असेल तर ऊनच राहील."

"काय बोलता बाई! तुम्हाला पाप लागंल."

"लागू दे मला. तुम्ही फक्त हात लावून बघा."

लोक ओरडले, कुणीतरी मावशीच्या पिशवीला हिसका मारला. माइकवरून महाराज म्हणाले की, संशय हा बर्फ आहे. पण केसरीनाथ नाडा सोडून दोन तास ट्रकच्या पायरीवर बसून राहिला. मग त्याने हात लावला. मग दुसरा हात लावला. मग शिवी दिली आणि पान्हा मागितला. अर्ध्या तासात रांगेतल्या प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडं होतं. बैलगाडीवाला तेवढा शांत होता.

महाराज त्याच रात्री पसार झाले. ते आता घाटावर थंडनाथ नावाने बसतात असं कुणी म्हणतं. मी खात्री केलेली नाही, आणि खात्री न करता बोलायचं नाही असं त्या आठवड्यात मी ठरवलं. अवधूतने मात्र वायरिंगचं दुकान टाकलं. कौसल्यामावशी म्हणते, माणूस हलकट हाय, पण जोड पक्का देतो.

आता शेवटचं, आणि हे गमतीने सांगत नाही. घाबरलेल्या माणसाला हसू नका. माझी आई मूर्ख नव्हती. ती घाबरलेली होती, आणि त्या भीतीत कुणीतरी वायर जोडली होती. तुमच्या घरात कुणी असा ऊन कलश आणला तर भांडू नका. एवढंच विचारा, ही ऊब कुठून येते, आणि ती कोणाची खर्च होते? नाडा सोडून बघा. खरं असेल ते सोडून बघितल्याने जात नाही.

अप्पा पुढे दोन वर्षं जगले. महाराजांनी आईला कायमचा शब्द दिला होता. मशीनने फक्त पुढच्या पाळीपर्यंतचा दिला. मंगळवारी शुक्रवारपर्यंतचा, शुक्रवारी मंगळवारपर्यंतचा. तो मशीनने दोनशेच्या वर वेळा पाळला.